आधी परीक्षा पाहा, मग क्लास

आयटीतल्या सर्टिफिकेशनबद्दलचा, म्हणजे परीक्षा देऊन मिळणाऱ्या कौशल्याच्या प्रमाणपत्रांबद्दलचा वाद गेली तीसेक वर्षं एकाच जागी घिरट्या घालतो आहे. एक बाजू म्हणते, हे सगळे नुसते कागद. ज्याला काम येतं त्याला कागद लागत नाही आणि ज्याला कागद लागतो त्याला काम येत नाही. दुसरी बाजू म्हणते, बोलायला हे ठीक आहे, पण कागद नसेल तर बायोडेटा कुणी उघडूनही बघत नाही. दोघांकडेही उदाहरणं आहेत. चार-चार सर्टिफिकेशन्स मिरवणारा, पण साधा एरर लॉग, म्हणजे बिघाडांची नोंद, समोर ठेवला की गप्प होणारा उमेदवार पहिल्यांनी पाहिलेला असतो. उत्तम काम येत असूनही पहिल्याच चाळणीत बाद झालेला मित्र दुसऱ्यांना माहीत असतो. मात्र ज्याला पुढच्या महिन्यात फी भरायची की नाही हे ठरवायचं आहे, तो हा वाद ऐकून होता तिथेच राहतो. कारण 'सर्टिफिकेशन' ही एकच वस्तू आहे असं दोन्ही बाजू धरून चालतात. १३० मिनिटांत ६५ प्रश्नांचे पर्याय निवडायची परीक्षा आणि जवळजवळ अख्खा दिवस-रात्र अनोळखी मशिन्समध्ये शिरून दाखवायची परीक्षा, या दोन्हींनंतर मिळणारा डिजिटल बिल्ला दिसायला सारखाच असतो. म्हणून काय त्या एका मापाने मोजायच्या?

माझी भूमिका अशी आहे. सर्टिफिकेशन निवडताना कंपनीचं नाव, पगारांचे तक्ते आणि 'सध्या कशाला मागणी आहे' या गोष्टी नंतरच्या. पहिला प्रश्न एवढाच, की ही परीक्षा घेतात कशी आणि तिच्यात उमेदवाराला काय करून दाखवावं लागतं? प्रशिक्षणाची निवड हा त्याच्या पुढचा आणि वेगळा निर्णय आहे. तो घेताना 'आमचे इतके विद्यार्थी पास झाले' हा आकडा बाजूला ठेवून, तिथे हाताला किती काम मिळतं हे बघायचं. बहुतेक लोक नेमकं याच्या उलट करतात. आधी क्लास ठरतो, मग त्या क्लासकडे ज्या परीक्षेची बॅच चालू असेल ती परीक्षा ठरते, आणि आपल्याला नक्की कुठलं काम करायचं आहे हा प्रश्न सगळ्यात शेवटी, बहुधा मुलाखतीच्या खोलीत, समोर येतो.

परीक्षेच्या पद्धतीला एवढं महत्त्व का द्यायचं? मायकेल स्पेन्स या अर्थशास्त्रज्ञाने १९७३ मध्ये नोकरीच्या बाजाराबद्दल एक साधी पण बोचरी मांडणी केली होती. पुढे २००१ मध्ये त्याला नोबेल मिळालं ते याच धाग्यावरच्या कामासाठी. नोकरी देणाऱ्याला उमेदवाराची कुवत बाहेरून दिसत नाही, म्हणून तो एखादी खूण शोधतो. पण ती खूण उपयोगी पडायला एक अट असते. ती मिळवणं कुवत असलेल्याला स्वस्त आणि नसलेल्याला महाग पडलं पाहिजे. दोघांनाही ती सारख्याच खर्चात मिळत असेल, तर ती काहीच सांगत नाही. स्पेन्सच्या डोळ्यांसमोर शिक्षण होतं, सॉफ्टवेअरच्या परीक्षा नव्हत्या. पण आपला सगळा वाद या एका अटीत बसतो. जी परीक्षा ब्रेनडंप, म्हणजे फुटलेले प्रश्न, पाठ करून पास होता येते, तिथे जाणकाराला आणि घोकंपट्टी करणाऱ्याला सारखेच कष्ट पडतात. खरं तर जाणकाराला जरा जास्तच, कारण तो प्रश्नावर विचार करत बसतो. ही भीती काल्पनिकही नाही. मायक्रोसॉफ्टच्या परीक्षांचे प्रश्न विकणाऱ्या एका माणसाने २००२ मध्ये अमेरिकेतल्या न्यायालयात व्यापारी गुपितं चोरल्याचा गुन्हा कबूल केला होता. तेव्हापासून हा धंदा बंद पडला, असं कुणीच म्हणणार नाही.

आता दुसऱ्या प्रकारच्या परीक्षा बघा. लिनक्स ही संगणकप्रणाली पुरवणाऱ्या रेड हॅट कंपनीच्या आरएचसीएसए परीक्षेत पर्यायी प्रश्न नसतातच. समोर लिनक्सच्या चालत्या सिस्टिम्स असतात आणि हातात कामांची यादी: युजर तयार करा, परवानग्या लावा, स्टोरेज वाढवा, सर्व्हिस चालू करा. तिथे एक अट अशी आहे, की मशिन रीबूट केल्यावरही तुम्ही केलेले बदल टिकले पाहिजेत. ही एक अट पन्नास पर्यायी प्रश्नांना भारी आहे. सर्व्हिस आत्ता चालू करणं वेगळं आणि मशिन पुन्हा सुरू झाल्यावर ती आपोआप उठेल अशी सोय करणं वेगळं, हे वाचून कुणालाही कळतं. पण घाईत असतानाही ते हातून घडायला ते काम आधी अनेकदा केलेलं असावं लागतं. कुबर्नेटिस, म्हणजे अनेक सर्व्हरवर चालणारी ॲप्लिकेशन्स सांभाळणारी प्रणाली, तिची सीकेए परीक्षा दोन तासांची, पूर्ण कमांड लाइनवर, म्हणजे आज्ञा टाइप करून द्यायची. अधिकृत डॉक्युमेंटेशन परीक्षेत उघडून बघायची मुभा आहे, आणि अभ्यासक्रमात सगळ्यात मोठा वाटा, ३० टक्के, बिघाड शोधून दुरुस्त करण्याला आहे. पुस्तक उघडं ठेवून घेता येणाऱ्या परीक्षेत पाठांतराला मुळातच कमी भाव मिळतो. सुरक्षेच्या क्षेत्रातली, यंत्रणांत शिरून दाखवायची ओएससीपी तर २३ तास ४५ मिनिटं चालते आणि त्यानंतर अहवाल लिहायला आणखी २४ तास मिळतात. तो अहवालही परीक्षेचाच भाग. 'मी आत शिरलो' एवढं पुरत नाही. कसा शिरलो, हे दुसऱ्या माणसाला पुन्हा करून बघता येईल इतक्या स्वच्छपणे लिहावं लागतं. प्रत्यक्ष नोकरीत निम्मं काम तेच असतं.

यावर एक रास्त आक्षेप येतो, की पर्यायी प्रश्न म्हणजे पोरखेळ असं समजायचं कारण नाही. मला हे मान्य आहे. सॉफ्टवेअर यंत्रणेची रचना ठरवणाऱ्या आर्किटेक्टच्या परीक्षेत जेव्हा विचारतात, की अमुक इतका ट्रॅफिक, अमुक इतकं बजेट आणि अमुक इतका वेळ बंद राहण्याची मुभा असेल तर चारपैकी कुठली रचना निवडाल, तेव्हा तो निर्णयक्षमतेचाच प्रश्न असतो. शिवाय दोन तासांत प्रत्यक्ष कामांची दीड-दोन डझनच उदाहरणं तपासता येतात, तर पर्यायी प्रश्नांत विषयाचा मोठा परीघ फिरून येतो. करून दाखवायची परीक्षा घेणंही सोपं नाही. अॅमेझॉनने आपल्या सिसऑप्स, म्हणजे यंत्रणा सांभाळणाऱ्यांच्या, परीक्षेत २०२१ मध्ये प्रात्यक्षिकाचे लॅब घातले आणि २०२३ मध्ये ते काढून टाकले. क्लाउडच्या, म्हणजे इंटरनेटवरून संगणक भाड्याने देण्याच्या, धंद्यात अग्रभागी असलेल्या कंपनीलाही जगभरच्या उमेदवारांना एकसारखी, न अडखळणारी प्रयोगशाळा देणं जड जात असेल, तर इतरांचं काय? पण यातून निघणारा निष्कर्ष लोक काढतात त्याहून वेगळा आहे. परीक्षेने प्रात्यक्षिक वगळलं म्हणून नोकरीने ते वगळलेलं नसतं. परीक्षा घेणाऱ्याने वाचवलेला खर्च उमेदवाराच्या माथी येतो, आणि तो त्याने प्रशिक्षणात भरून काढायचा असतो. म्हणून परीक्षा जितकी कागदी, तितकं प्रशिक्षण हाताचं हवं. बाजारात दिसतं ते उलटं. कागदी परीक्षांचे क्लास सगळ्यात जास्त कागदी असतात, कारण तिथे तेवढ्यावर भागतं.

इतिहास इथे उपयोगी पडतो. नुसत्या कागदावरच्या जाणकाराला लावायचं 'पेपर' हे विशेषण आजचं नाही. १९९० च्या दशकात नोव्हेल कंपनीच्या नेटवेअर या नेटवर्क चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचा दबदबा होता आणि सीएनई हे सर्टिफिकेशन नोकरीचा हुकमी एक्का मानलं जाई. मागणी वाढली तसे ते मिळवून देणारे झटपट कोर्स निघाले, आणि 'पेपर सीएनई' हा टोमणा जन्माला आला. पुढे तोच टोमणा मायक्रोसॉफ्टच्या एमसीएसईला चिकटला. मग नेटवेअरच मागे पडलं. मायक्रोसॉफ्टचं विंडोज एनटी आणि इंटरनेटची टीसीपी/आयपी ही नियमावली यांनी बाजी मारली आणि त्या प्रमाणपत्राचं बाजारातलं वजन उतरलं. पण ते मिळवणारे सगळेच बुडाले का? ज्यांनी त्या निमित्ताने डेटाचं पॅकेट कुठून कुठे जातं, नावावरून पत्ता कसा सापडतो, परवानग्या वारशाने कशा उतरतात हे समजून घेतलं होतं, त्यांचं ज्ञान पुढच्या प्रणालीतही चाललं. ज्यांनी नेटवेअरचे मेनू पाठ केले होते, त्यांचे मेनू गेले आणि ज्ञानही गेलं. दोघांकडे प्रमाणपत्र एकच होतं. फरक शिकण्याच्या रीतीत होता. आज क्लाउड कंपन्यांच्या सेवांची नावं तोंडपाठ करणाऱ्यांना हे सांगायला हवं. त्या नावांचं आयुष्य नेटवेअरच्या मेनूंपेक्षा फार मोठं असेल, असं मानायला काही आधार नाही.

मग सरकारने किंवा व्यावसायिक संघटनांनी वकील-डॉक्टरांसारखा परवाना का आणू नये, म्हणजे निवडीची कटकटच संपेल? तेही करून झालं आहे. १९६२ मध्ये अमेरिकेतल्या डेटा प्रोसेसिंग व्यवस्थापकांच्या संघटनेने सीडीपी नावाची परीक्षा सुरू केली ती याच उमेदीने. ती बरीच वर्षं चालली, पण तिच्याशिवाय नोकरीच नाही अशी वेळ कधी आली नाही. तिथेच २०१३ मध्ये सॉफ्टवेअर इंजिनिअरिंगची परवाना-परीक्षा सुरू झाली. पाच वेळा मिळून ८१ जण बसले आणि २०१९ मध्ये ती गुंडाळली. हे क्षेत्र एका परवान्यात मावत नाही. त्यामुळे मैदान उत्पादन विकणाऱ्या कंपन्यांना मोकळं राहिलं, आणि पारख करण्याची जबाबदारी उमेदवारावर आली. ती आपल्या वतीने दुसरं कुणी पार पाडेल ही आशा सोडलेली बरी.

परवान्याचं नाही, पण अनुभवाच्या अटीचं एक जुनं उदाहरण मात्र मला आजही शिकण्यासारखं वाटतं. १६७७ मध्ये नौदलाचा कारभार पाहणारा अधिकारी सॅम्युअल पीप्स याच्या पुढाकाराने इंग्लंडच्या नौदलात लेफ्टनंट होण्यासाठी परीक्षा आली. त्याआधी ती नेमणूक मुख्यतः वशिल्याने होई. पीप्सने नुसती परीक्षा ठेवली नाही. आधी तीन वर्षं समुद्रावर काढलेली असली पाहिजेत अशी अट घातली, आणि मगच नौकानयनाचे प्रश्न विचारायचे. तीनशेहून अधिक वर्षांनी माहिती सुरक्षेतल्या सीआयएसएसपीची रचना तशीच आहे. परीक्षा पास झालात तरी पाच वर्षांचा संबंधित अनुभव दाखवल्याशिवाय ते बिरुद लावता येत नाही. तोवर तुम्ही 'असोसिएट'. कॉलेजच्या पदवीमुळे त्यातलं एखादं वर्ष माफ होतं, पण मूळ अट तीच. प्रकल्प व्यवस्थापनातल्या पीएमपीलाही अनुभवाची अट आहे. अशा परीक्षांना नोकरी देणारे जास्त मान देतात यात नवल नाही, कारण परीक्षेने न मोजलेलं बरंच काही त्या वर्षांनी मोजलेलं असतं. आणि म्हणूनच नवख्याने अशा परीक्षेच्या 'फास्ट ट्रॅक' बॅचला जाणं हा पैशांचा अपव्यय आहे. ज्या प्रमाणपत्राचं अर्धं वजन अनुभवात आहे, त्याचा उरलेला अर्धा भाग आधी विकत घेऊन काय साधणार?

आता समोरच्यांचा सगळ्यात वजनदार मुद्दा. ज्याच्याकडे नामांकित कॉलेजची पदवी नाही, घरात या क्षेत्रातलं कुणी नाही, शिफारस करणारा ओळखीचा नाही, त्याच्यासाठी सर्टिफिकेशन हाच एक सरळ दरवाजा आहे. मुलं लहान असताना काही वर्षं नोकरीबाहेर राहिलेल्या आणि आता परत येऊ पाहणाऱ्या बाईसाठीही तेच. कुवत वाटेल तितकी असू द्या, पहिली चाळणी बायोडेटात ठरावीक शब्द शोधणारी असते. अशांना 'कागदाला अर्थ नाही, प्रोजेक्ट दाखवा' असं सांगणारे बहुतेकदा स्वतः अशा ठिकाणी बसलेले असतात जिथे त्यांचा कागद कुणी मागत नाही. हा उंटावरून शेळ्या हाकण्याचा प्रकार मला मनापासून खटकतो. काही नोकऱ्यांत तर पर्यायच नसतो. अमेरिकेच्या संरक्षण खात्याने २००५ मध्ये माहिती सुरक्षेच्या पदांसाठी ठरावीक सर्टिफिकेशन्स सक्तीची केली. तिथे वादाला जागाच उरली नाही.

पण हाच मुद्दा शेवटपर्यंत नेला तर तो माझ्याच बाजूला येऊन उभा राहतो. ज्याच्या मागे ओळखी आहेत, त्याने एखादं पोकळ प्रमाणपत्र घेतलं तरी त्याचं काही बिघडत नाही. दुसरा कुणीतरी त्याच्यासाठी शब्द टाकतो. ज्याच्याकडे एकच डाव आहे, त्याला पोकळ खूण परवडत नाही. ज्या नावाभोवती 'पेपर' हा टोमणा फिरतो आहे ते घेऊन तो चाळणीतून पुढे जाईलही, पण पुढच्या पाऊण तासाच्या मुलाखतीत त्याच्यावर आधीच संशय घेतलेला असेल. करून दाखवायच्या परीक्षेचं प्रमाणपत्र त्याच्या वतीने थोडं तरी बोलतं, कारण मुलाखत घेणाऱ्याला ठाऊक असतं की हे पाठ करून मिळत नाही. म्हणजे ज्याच्याकडे साधनं कमी, त्याने परीक्षेच्या पद्धतीकडे जास्त बारकाईने बघायला हवं. प्रत्यक्षात त्यालाच सगळ्यात झटपट आणि सगळ्यात कागदी कोर्स विकला जातो.

या चाळणीच्या गोष्टीत एक बाब सोयीस्करपणे विसरली जाते. कित्येक कंपन्यांना कर्मचाऱ्यांची सर्टिफिकेशन्स हवी असतात ती स्वतःसाठी. अॅमेझॉन, मायक्रोसॉफ्ट, सिस्को यांच्या भागीदार योजनांत वरचा दर्जा मिळवायला ठरावीक संख्येने सर्टिफाइड माणसं दाखवावी लागतात. तिथे तुमचं प्रमाणपत्र कंपनीच्या व्यवसायाची गरज भागवतं. मग त्याची फी आणि अभ्यासाचा वेळ कंपनीने द्यावा, हे मागायला लाजण्यासारखं काय आहे? कर्मचाऱ्याने स्वतःच्या खिशातून, रविवारची झोप मोडून कंपनीचा दर्जा वाढवायचा आणि वर त्याला 'स्वतःच्या करिअरमधली गुंतवणूक' म्हणायचं, ही भाषा मालकाच्या सोयीची आहे.

'प्रोजेक्ट पुरे' म्हणणाऱ्यांचंही एक म्हणणं मी पूर्णपणे मान्य करतो, फक्त त्याला कुंपण घालून. प्रोग्रामिंगच्या नोकरीत सर्टिफिकेशनला कमी किंमत आहे, आणि ती कमीच असावी. कारण कोड दाखवता येतो. तुम्ही लिहिलेलं चालतं की नाही, वाचता येतं की नाही, टेस्ट आहेत की नाहीत, हे कुणीही अर्ध्या तासात उघडून बघू शकतो. मग मधल्या खुणेची गरज काय? पण नेटवर्क, सर्व्हर, डेटाबेस, क्लाउड आणि सुरक्षा यांतलं काम दाखवता येत नाही. ते ग्राहकाच्या कुलूपबंद यंत्रणांत असतं, गोपनीयतेच्या करारात असतं, आणि त्यातलं उत्तम काम तर दिसतच नाही. रात्री दोन वाजता जे बंद पडलं नाही, त्याचा स्क्रीनशॉट काढणार कसा? नेमक्या याच क्षेत्रांत सर्टिफिकेशनचा बाजार का फुलला आणि सिस्कोच्या सीसीआयई या नेटवर्किंगमधल्या परीक्षेसारख्या आठ तासांच्या लॅब परीक्षेला इतकी वर्षं मान का टिकून राहिला, याचं उत्तर इथे आहे. तेव्हा 'सर्टिफिकेशन घ्यावं का' या प्रश्नाला सगळ्यांसाठी एक उत्तर शोधण्यात अर्थ नाही. वेब डेव्हलपर व्हायचं असेल तर तोच वेळ एक पूर्ण, चालतं, दुसऱ्याला वापरता येईल असं काहीतरी बनवण्यात घालवा. सिस्टिम सांभाळायच्या असतील तर करून दाखवायची परीक्षा शोधा.

आता क्लासकडे. प्रथम एक नेहमीची गल्लत. कोर्सला हजर राहिल्याचं प्रमाणपत्र आणि स्वतंत्र परीक्षेचं सर्टिफिकेशन या वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलं सांगतं की तुम्ही बसला होतात. स्क्रमच्या, म्हणजे छोट्या टप्प्यांत काम करण्याच्या पद्धतीच्या, जगात हा फरक फार स्पष्ट दिसतो. स्क्रम अलायन्सचं सीएसएम सुरुवातीला वर्गाला बसल्यावरच मिळत असे, परीक्षा नंतर आली, आणि आजही वर्ग केल्याशिवाय ते मिळत नाही. स्क्रम डॉट ऑर्गच्या पहिल्या पातळीच्या पीएसएमला वर्गाची अट नाही; कुठेही शिका, पण ६० मिनिटांत ८० प्रश्न आणि ८५ टक्के गुण हवेत. दोन्ही पर्यायी प्रश्नांच्याच परीक्षा आहेत, पण कुठल्या रचनेत वर्ग विकला जातो आणि कुठल्या रचनेत परीक्षा, हे सांगायला नको. व्यक्तींच्या प्रमाणीकरणासाठी आयएसओ/आयईसी १७०२४ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. शिकवणारा आणि तपासणारा एकच असेल तर निःपक्षपातीपणाला धोका आहे, असं ते मानतं. कॉम्पटिया आणि सीआयएसएसपी देणारी आयएससी२ या संस्थांच्या प्रमुख परीक्षांना या मानकाची मान्यता आहे. उत्पादन विकणाऱ्या कंपन्यांचं मात्र अनेकदा तिहेरी नातं असतं: सॉफ्टवेअर त्यांचं, कोर्स त्यांचा, परीक्षाही त्यांचीच. एका मशिनवर अनेक आभासी मशिन्स चालवायचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या व्हीएमवेअरच्या व्हीसीपी या सर्टिफिकेशनला कित्येक वर्षं अधिकृत कोर्सची सक्ती होती. कंपनी ब्रॉडकॉमकडे गेल्यावर २०२४ मध्ये ती सक्ती काढली. कोर्सशिवाय उमेदवाराची पात्रता ठरूच शकत नसती, तर ती अट अशी एका निर्णयासरशी उडाली असती का?

पास होण्याची हमी देणाऱ्या क्लासबद्दल फार लिहायची गरज नाही. ज्याला दुसऱ्याच्या परीक्षेच्या निकालाची खात्री देता येते, त्याच्याकडे एकतर प्रश्न आहेत किंवा हमीच्या बारीक अक्षरांत सुटकेची वाट आहे.

खरी अडचण चांगल्या दिसणाऱ्या क्लासची आहे. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांचा २००६ चा प्रयोग क्लास निवडणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावा असा आहे. काही विद्यार्थ्यांनी एक उतारा पुन्हा पुन्हा वाचला, तर काहींनी एकदा वाचून मग न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी तपासलं तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने तपासलं तेव्हा आठवून लिहिणारे बरेच पुढे निघाले. आणि गंमत म्हणजे आपल्या लक्षात जास्त राहील असा विश्वास पुन्हा वाचणाऱ्यांनाच अधिक होता. क्लासच्या शेवटच्या दिवशी भरून घेतलेला अभिप्राय नेमकी ती पाच मिनिटांची अवस्था मोजतो. सुंदर स्लाइड्स, ओघवतं बोलणं, पडद्यावर शिक्षक कमांड टाइप करतो आहे आणि सगळे ती उतरवून घेत आहेत, एकदाही काही अडत नाही. सगळे खूश. आठवड्याने त्यातलं काय उरतं? ज्या वर्गात तुम्ही अडलात, चिडलात, दुपारभर एक कनेक्शन जुळेना म्हणून वैतागलात, त्याला त्या फॉर्मवर तुम्ही तीनच तारे दिले असते.

म्हणून क्लासला विचारायचे प्रश्न वेगळे आहेत. लॅब माझा एकट्याचा असेल का, की सगळ्यांना मिळून एक? मी तो मोडू शकतो का, आणि मोडला तर पुन्हा उभा कसा करायचा हे मला शिकवणार, की तुम्हीच रीसेट करून देणार? मुद्दाम बिघडवलेली सिस्टिम किती वेळा समोर ठेवता? कोर्समधली किती उदाहरणं अशी आहेत ज्यांच्या पायऱ्या आधी दिलेल्या नसतात? शिकवणारा हे काम शेवटचं केव्हा करत होता? आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, माझ्या चुका कोण बघणार? कारण बाकीचं जवळजवळ सगळं फुकट मिळतं. सीकेएचा अभ्यासक्रम, रेड हॅटच्या परीक्षेची उद्दिष्टं, अॅमेझॉनची परीक्षा-मार्गदर्शिका, सगळं उघड आहे. लिनक्सच्या सरावाला रॉकी किंवा अल्मालिनक्स आहे, कुबर्नेटिसला मिनीक्यूब, नेटवर्किंगला सिस्कोचा पॅकेट ट्रेसर. एका बऱ्या लॅपटॉपवर यातलं बहुतेक चालतं. क्लासची फी देण्याजोगी गोष्ट उरते ती एकच: तुमच्या टर्मिनलकडे बघून 'इथे तू घाई केलीस' असं सांगणारा माणूस. तो नसेल तर रेकॉर्ड केलेल्या व्हिडिओपेक्षा जास्त पैसे देऊ नयेत. काहींना वेळापत्रकाची शिस्त लागते आणि त्यासाठी ते पैसे मोजतात, हेही मी समजू शकतो. पण मग ती शिस्तीची किंमत आहे, ज्ञानाची नव्हे, एवढं स्वतःशी कबूल करावं.

राहिला मुदतीचा प्रश्न. कॉम्पटियाचं ए प्लस हे नवख्यांसाठीचं सर्टिफिकेशन पूर्वी आजन्म होतं. २०११ पासून ते तीन वर्षांचं झालं. सीकेएची मुदत २०२४ मध्ये तीन वर्षांवरून दोनवर आली. तंत्र बदलतं म्हणून मुदत असावी हे पटण्यासारखं आहे, आणि दर वेळी नवी फी मिळते म्हणूनही मुदत असते, हे न समजण्याइतकं भोळं कुणी असू नये. मायक्रोसॉफ्टने भूमिकांनुसार दिलेल्या सर्टिफिकेशन्सचं नूतनीकरण दरवर्षी, पण ऑनलाइन आणि विनाशुल्क ठेवलं आहे. फीचा आक्षेप त्याने सुटतो. मात्र घरी बसून, संदर्भ बघत सोडवलेल्या छोट्या चाचणीने तुमच्या कौशल्याबद्दल फारसं काही सिद्ध होत नाही. तेव्हा एका क्लाउडची मधल्या, 'असोसिएट' पातळीची परीक्षा झाली की दुसऱ्या क्लाउडची त्याच पातळीची परीक्षा, मग तिसऱ्याची, असं गोळा करत जाण्यापेक्षा त्याच विषयातली एक पायरी वरची, हाताने करायची परीक्षा दिलेली बरी. आणि मुदत संपत आलेल्या प्रमाणपत्राबाबत एकच बघा: गेल्या दोन-तीन वर्षांत ते काम तुम्ही खरोखर केलं का? केलं असेल तर नूतनीकरणाला फारसा अभ्यास लागणार नाही. केलं नसेल तर ती ओळ बायोडेटावरून काढून टाका. मुलाखतीत तिच्याबद्दलचा दुसरा प्रश्न तुम्हाला झेपणार नाही.